नुसत्या मिठाचं मटण

"आई, मी तुझ्याबरोबर येणार नाही."

शर्वरीला हे सांगायला जागा सापडली ती येरेवानच्या हस्तलिखितांच्या संग्रहालयात. तिथं माणसं श्वाससुद्धा जपून घेतात. मी काचेपलीकडची एक भलीमोठी पोथी बघत उभी होते. दोघांनी मिळून उचलावी एवढी मोठी.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"तिकीट तुझ्या एकटीचं ठेव, माझं रद्द कर. मला इथंच राहून डॉक्टर व्हायचंय."

"अगं, मरता मरता वाचलीस की तू! आणि परत इथंच?"

माझा आवाज खानावळीतला, भटारखान्यातून थेट रस्त्यापर्यंत जाणारा. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली राखणदार बाई उठली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी तिच्याकडं असं काही बघितलं की ती बिचारी परत बसली.

"आई, हळू ना!"

"हळू काय हळू? परवाच्या विमानानं दोघी घरी जायचं. बाप तिकडं वाट बघून अर्धा झालाय."

शर्वरीनं विषय बदलला. ही सवय तिच्या बापाची. "ही पोथी बघ," म्हणाली, "शंभर वर्षांपूर्वी इथल्या लोकांची कत्तल झाली, तेव्हा दोन बायकांनी वाचवली. एकीला पेलवेना, म्हणून दोन भाग केले, आणि अर्धी अर्धी घेऊन चालत निघाल्या."

"बायका होत्या म्हणून वाचली. पुरुष असते तर आधी मीटिंग घेतली असती."

ती हसली आणि लगेच तिनं पोट धरलं. टाके अजून ओढत होते.

"बघितलंस? हसवत नाही धड, आणि म्हणे राहणार. विषय संपला."

विषय काही संपला नाही, पण आमचं बोलणं मात्र संपलं. तिथून तिनं मला चित्रांच्या गॅलरीत नेलं. ती पुढं, मी चार हात मागं. डोंगर, जर्दाळूची झाडं, लग्नाच्या मिरवणुका, सगळं बघितलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

आता जरा मागचं सांगते, म्हणजे कळेल. कराडला आमची मटणाची खानावळ. शर्वरी डॉक्टर व्हायला येरेवानला गेली, तेव्हा अर्ध्या कराडनं विचारलं, शालनवहिनी, हे आर्मेनिया आलं कुठं? मी सांगायची, रशियाच्या खाली. तिसऱ्या वर्षाला तिचं अपेंडिक्स फुटलं, पू पोटभर पसरला, दोन ऑपरेशनं झाली. मी व्हिसा काढून पोचले, तरी पोरगी शुद्धीवर यायची होती. आली, तेव्हा डोळे उघडून पहिली हाक मारली ती 'तातिक!' त्यांच्यात आजीला तातिक म्हणतात. आई उशाशी उभी, आणि पोरगी हाक मारतेय घरमालकिणीला! देवाशपथ सांगते, पोरगी वाचल्याच्या आनंदातसुद्धा ते माझ्या काळजात कुसळासारखं रुतलं.

तातिक म्हणजे सिरानुश. सत्तरीच्या पुढची विधवा बाई, अंगावर कायम काळे कपडे, आणि आवाज माझ्याही वर. तिचा मुलगा वाहान टॅक्सी चालवायचा. शर्वरी तिच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. पोरीला दवाखान्यात नेलं ते या दोघांनीच. उपकार होते, नाही कोण म्हणतंय? मी पहिल्याच दिवशी तिला इरकल साडी दिली, हात जोडले, आणि माझ्या मतानं फिटंफाट झाली.

पण ती बाई काही मला सोडेना. पोरीला सूप पाजायला मी चमचा उचलला, की ही दुसरा चमचा घेऊन हजर. मी खिडकी उघडली की ही लावणार. आणि जेवायला रोज मटण. कधी द्राक्षाच्या पानात गुंडाळलेलं, कधी बटाट्याबरोबर शिजवलेलं. ती ताट पुढं सारायची, मी मागं सारायची आणि पाव-चीज खायची.

मी मटणवाली बाई मटण खात नव्हते, त्याला कारण होतं. विमानात बसतानाच मी आमच्या शिवेवरच्या म्हसोबाला बोलले होते, देवा, पोरगी सुखरूप घरी येऊ दे, तुला बकरं देईन, आणि तोवर मटणाचा तुकडा तोंडात घालणार नाही. नवस फिटेपर्यंत बोलून दाखवायचा नाही, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या, म्हणून शर्वरीलाही सांगितलं नव्हतं. सिरानुशनं त्याचा सरळ अर्थ काढला, हिला माझ्या हातचं चालत नाही. रोज ताट उचलताना ती भांडी अशी आपटायची की मी काय समजायचं ते समजायची.

संग्रहालयाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सिरानुशनं सकाळीच फर्मान काढलं, सगळ्यांनी मठात जायचं. मला वाटलं, बरंय, जाण्याआधी देवदर्शन होईल. गाडी वाहानची. मी आणि शर्वरी मागं बसलो, दोघींच्या मध्ये माझी पर्स. शहर सुटलं, आणि माझ्या मानेमागून आवाज आला, "बेंऽऽ!"

"अगं बाई! डिकीत मेंढरू आहे काय?"

"हो," शर्वरी म्हणाली.

"कशाला?"

"मठात द्यायला."

बस, एवढंच. घुश्शात होती ना, तोंड खिडकीकडं. तासभर मेंढरूच काय ते बोलत होतं.

मठाचं नाव तेव्हाही माझ्या तोंडात बसलं नाही, आता तर आठवतही नाही. पण जागा मात्र डोळ्यांसमोर आहे. चहूबाजूंनी उभे कडे, आणि अर्धं देऊळ कड्यातच कोरलेलं, आमच्या आगाशिवच्या लेण्यांसारखं. वाटेवर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे दगड उभे केलेले, आपल्याकडं वीरगळ असतात तसे. पण यांच्यावर लढाई नाही, घोडा नाही. मधोमध क्रूस आणि भोवती नुसती वेलबुट्टी, सुईनं विणावी इतकी बारीक.

दारात मी चप्पल काढली. बाकी सगळे बुटांसकट आत. सिरानुशनं माझ्या पायांकडं बोट दाखवून कलकलाट केला.

शर्वरीला बोलणं भाग पडलं. "चप्पल घाल म्हणतेय. फरशी थंड आहे, आजारी पडशील."

"देवाच्या दारात चप्पल? तिला म्हणावं, मला शिकवू नको."

फरशी बर्फासारखी थंड होती, पण आता माघार कशी घ्यायची? आत काळोख. छताला मधोमध एक भोक, तिथून उजेडाचा एक झोत खाली पडलेला. मूर्ती नाही, घंटा वाजवायला नाही. वाळूच्या परातीत बारीक बारीक पिवळ्या मेणबत्त्या. मी एक लावली, आणि म्हसोबालाच म्हटलं, देवा, हा तुझा कुणी भाऊबंद असेल तर त्यालाही सांग, माझी पोरगी घरी नेऊ दे.

डोळे उघडले तर सिरानुश उलट्या पावलांनी माझ्याकडं येत होती. मला वाटलं बाईला घेरी आली, म्हणून मी धरायला धावले. तिनं माझा हात झटकला आणि तशीच उलटी चालत दाराबाहेर गेली. मागोमाग शर्वरीही तशीच. मग माझ्या लक्षात आलं, देवाला पाठ दाखवायची नाही. हे मात्र मला पटलं. आमच्या सासूबाई गाभाऱ्यातून अशाच निघायच्या. मीही तशीच निघाले, आणि उंबऱ्याला अडखळून एका जपानी बाईच्या अंगावर आदळले.

तिची माफी मागून, चप्पल शोधून बाहेर येईपर्यंत अंगणात पाद्रीबाबांची प्रार्थना उरकली होती. वाहान मेंढराला दोरीनं धरून देवळाभोवती फिरवत होता. मेंढरू तोंडातलं मीठ चघळत होतं. मागं सिरानुश, तिच्या मागं पोट धरून शर्वरी. तीन फेऱ्या झाल्या. शर्वरीचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, माझ्यावरचाच राग असणार.

आता, मला हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. नवस फेडायचा कार्यक्रम चाललाय, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आमच्यात बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडतात, त्यानं अंग झाडलं की देवाला मान्य. इथं पाण्याच्या जागी मीठ. वाहानच्या लग्नाचा नवस असेल, नाहीतर टॅक्सीचा, असा मी अंदाज बांधला आणि भिंतीच्या सावलीला बसले.

पुढचं सगळं देवळाच्या मागं, एका दगडी पडवीत झालं. चुलाण पेटलं, मोठं पातेलं चढलं. पाणी, मटण आणि मंतरलेलं मीठ. मी वाट बघतेय, आता कांदा पडेल, आता लसूण पडेल. कुठलं काय! रटारटा उकळतंय, वर पांढरा फेस येतोय, आणि सिरानुश नुसता फेस काढून टाकतेय. हळद नाही, आलं नाही, मिरीचा दाणा नाही. इतकं कोवळं मटण, आणि त्याचे हे हाल! माझा जीव तीळ तीळ तुटायला लागला. मी खात नव्हते म्हणून काय झालं, मटणाशी माझं काही नातं आहे की नाही?

माझ्या पर्समध्ये कांदालसूण चटणीची पुडी कायम असते. कराडची बाई किल्ल्या विसरेल, चटणी विसरणार नाही. सिरानुश पाठ करून रोट्या पसरत होती, कागदासारख्या पातळ आणि टॉवेलएवढ्या लांब. मी उठले, पुडी सोडली, आणि मूठभर चटणी घेऊन पातेल्यावर हात धरला. आता वाटतं काय म्हणावं मला, पण तेव्हा मी परोपकारच करत होते.

मनगटावर अशी पकड बसली की बांगडीच वाढली. सिरानुश! डोळे बाहेर आलेले, तोंडानं आर्मेनियनमध्ये तोफखाना.

"अगं सोड! चव येईल त्याला, सोड!"

ती ओढतेय, मी ओढतेय. आठवडाभराची सगळी भांडी, चमचे, खिडक्या त्या एका मनगटात उतरल्या होत्या. माझी मूठ सुटली आणि चटणी चुलीत पडली. झालं! पडवीभर असा खकाणा उठला की सिरानुश खोकतेय, मी खोकतेय, वाहान खोकत बाहेर पळाला, आणि पाद्रीबाबा दाढी तोंडावर धरून भिंतीला टेकले.

त्या खोकल्यातच शर्वरी ओरडली, "आई, बास कर! ते माझ्यासाठी आहे!"

"काय तुझ्यासाठी? मटण?"

"नवस! तातिकनं माझ्यासाठी केलेला नवस आहे तो!"

मी सिरानुशचा हात सोडला. की तिनं माझा सोडला, आठवत नाही.

शर्वरी रडत रडत सांगत होती, "माझं दुसरं ऑपरेशन चाललं होतं, तू विमानात होतीस. डॉक्टरांनी हिला सांगितलं, काही भरवसा नाही. ही खाली रस्त्यावर गेली आणि देवाला बोलली, पोरगी जगली तर मेंढरू देईन. मलाही आत्ताच कळलं गं. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाच्या नावानं? तर हिनं माझं नाव सांगितलं. आई कोण विचारलं, तर तुझं नाव घेतलं. शालन. प्रार्थनेत आपली दोघींची नावं होती आई, आणि तू चप्पल शोधत होतीस."

"मग मला लगेच सांगायचं नाही का?"

"वाटून होईपर्यंत मिरवायचं नसतं, म्हणाली. आणि यात मिठाशिवाय काहीही पडून चालत नाही. काहीही! आणि तू चटणी..."

मी मटकन तिथंच दगडावर बसले. तोंडात मारल्यासारखं झालं. मी विमानात म्हसोबाला साकडं घालत होते, तेव्हा खाली ही बाई रस्त्यावर उभी राहून तिच्या देवाला तेच म्हणत होती. माझ्या पोरीसाठी. ना नात्याची, ना गोत्याची. आणि मी तिला साडी देऊन मोकळी झाले होते! मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की कुठलं रडू कशाचं, मला कळेना.

"तिला सांग," मी पदरानं नाक पुसत म्हटलं, "सांग की मीही नवस बोलले होते. म्हणून मटण खात नव्हते. तिच्या हातचं नको म्हणून नाही."

शर्वरी माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं सांगितलं. ऐकता ऐकता सिरानुशनं कपाळावर हात मारला, एकदा नाही, दोनदा. मग आली आणि माझ्याशेजारी दगडावर बसली.

"म्हणतेय, मला वाटलं माझं जेवण तुला घाण वाटतं. आठवडाभर मी रोज वेगळं करून बघत होते."

"हिला म्हणावं, वास घेऊन घेऊन मी अर्धी मेले."

यावर ती हसली. पुढचे तिचे दोन दात नव्हते, ते मला पहिल्यांदाच दिसलं.

मटण शिजलं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवस बोलणाऱ्यानं स्वतः खायचं नाही. दुसऱ्यांना वाटायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. सिरानुशनं रोटीत पहिला वाफाळता तुकडा गुंडाळला, माझ्यापुढं धरला, आणि मग काही आठवल्यासारखा हात मागं घेतला. शर्वरीशी काहीतरी बोलली.

शर्वरीनं मान खाली घातली. "म्हणतेय, राहू दे. तुझा नवस मोडायचा नाही. पोरीला घरी घेऊन जा, तुझ्या देवाचं आधी फेड, मग खा."

म्हणजे तिनं पोरगी सोडली होती. न मागता. डोळे मात्र दुसरीकडं फिरवले.

तेवढ्यात तिची नजर शर्वरीवर गेली, आणि बाई परत कडाडली. शर्वरी थंडगार पायरीवर टेकली होती ना! सिरानुशनं स्वतःचा काळा कोट काढला, घडी केली, आणि पोरीला दंडाला धरून उठवत तिच्याखाली सरकवायला लागली. शर्वरी वैतागून काहीतरी म्हणाली, मान झटकली, डोळे फिरवले, आणि मुकाट कोटावर बसली.

शब्द मला कळले नाहीत, पण तो सूर मी जन्मभर ऐकत आले होते. 'उठते गं आई, उठते, किती मागं लागतेस!' परक्या माणसाशी पोरगी या सुरात बोलत नाही. परक्याशी ती गोड बोलते. हा सूर घरातल्या माणसासाठी राखलेला असतो.

"दे ते," मी सिरानुशपुढं हात केला.

"आई, तुझा नवस?"

"पोरगी सुखरूप घरी येऊ दे, एवढंच बोलले होते म्हसोबाला. आलीय की. घर जरा लांबचं निघालं, त्याला तो तरी काय करणार?"

मी घास घेतला. नुसतं मीठ. खानावळवाली म्हणून सांगते, तसलं मटण मी पुन्हा कधी खाल्लं नाही. आणि खाताना धो धो रडत होते, हेही सांगते.

"उद्याचं तुझं तिकीट रद्द कर," म्हटलं. "आणि हिला सांग, पोरगी ठेवून जातेय. टाके बरे होईपर्यंत जिने चढू देऊ नको. परीक्षेच्या दिवसांत ही जेवत नाही, तेव्हा ओरडायचं. माझ्यासारखं ओरडता येतंय तिला, मला काळजी नाही."

शर्वरी सांगायला लागली, पण तिला पुरतं सांगताच येईना. सिरानुशला काय कळायचं ते कळलं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दोनच शब्द बोलली.

"म्हणतेय, तुझं दुखणं मी घेते," शर्वरी म्हणाली. "इथं माया आली की असंच म्हणतात."

मला तिच्या भाषेत काही येत नव्हतं. मी तिच्या कानशिलांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कपाळावर कडाकडा बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.

मग आम्ही वाटायला उभ्या राहिलो, ती रोटीत गुंडाळतेय आणि मी देतेय. त्या जपानी बाईलाही बोलावून दिलं. उरलेलं घेऊन वाहान वाटेवरच्या गावात घराघरांतून देऊन आला. संध्याकाळपर्यंत पातेलं रिकामं.

कराडला मी एकटी परतले. मालकांनी दारात विचारलं, पोरगी कुठाय? म्हटलं, घरीच आहे, चहा टाकते मग सांगते. पुढच्या रविवारी गावी जाऊन म्हसोबाला बकरं दिलं. बोललं ते द्यायलाच हवं. बकऱ्यानं पाणी शिंपडल्या शिंपडल्या अंग झाडलं. गुरव नारळ घेऊन उभा राहिला.

"कुणाच्या नावानं?"

"शर्वरीच्या."

"नवस कुणाचा?"

"दोघींचा. माझा आणि सिरानुशचा."

"कुणाचा?"

"सि-रा-नुश."

गुरवानं नारळ खाली केला. "आसलं नाव पै-पाव्हण्यात कुठं ऐकलं न्हाई, वैनी. कोण लागत्यात पोरीच्या?"

मालक माझ्याकडं बघायला लागले. मी घरमालकीण म्हणणार होते, पण देवासमोर खोटं कशाला बोलायचं?

"आई," म्हटलं. "थोरली."